वाटेकरी वाढले की वाटा लहान

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. १/४ आणि १/८ यांत मोठा अपूर्णांक कोणता, असे विचारले की ती ठामपणे १/८ सांगते, कारण ८ ही संख्या ४ पेक्षा मोठी आहे. तिच्याकडून नियम पाठ करून घ्यावा का?

उत्तर : नियमाची घाई करू नये. आजवर शिकलेल्या पूर्ण संख्यांचा अनुभवच ती येथे लावत आहे, त्यामुळे तिची चूक विचारातून आलेली आहे आणि तिला रागावणे अन्यायाचे ठरेल. एक भाकरी चौघांत आणि तेवढीच दुसरी आठ जणांत तिलाच वाटायला सांगा. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे ती स्वतःच्या तोंडाने म्हणेल तेव्हा छेदाचा अर्थ तिला उमगलेला असेल. भाकऱ्या मात्र सारख्याच आकाराच्या हव्यात, कारण लहान भाकरीचा अर्धा भाग मोठ्या भाकरीच्या चतकोराएवढाच भरू शकतो.

त्यानंतर २४ सेंटिमीटर लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीला घड्या घालून चार आणि दुसरीला आठ समान भाग पाडले की ३/४ म्हणजे १८ सेंटिमीटर आणि ५/८ म्हणजे १५ सेंटिमीटर हे पट्टीने मोजूनच दिसते. पाऊण म्हणजे सहा अष्टमांश, हेही तिथेच घड्यांवर दाखवावे. समच्छेद करण्याची रीत पुढे येईल तेव्हा ती परकी वाटणार नाही.

अर्ध्याशी तुलना करण्याची सवयही लावा : ३/८ अर्ध्याहून कमी, ४/६ अर्ध्याहून जास्त, म्हणून ४/६ मोठा.