अवजारांचा दवाखाना: रंध्याची चकती हलेना!

प्रश्न: काका, आजोबांचा लोखंडी रंधा माळ्यावर सापडला. स्टॅनली कंपनीचा, बेली प्रकारचा, नंबर 4. पातं निघालं, पण त्यामागची पितळी चकती, मुठीचा लांब बोल्ट आणि आतले दोन स्क्रू हलायला तयार नाहीत. पकडीने चकती डावीकडे फिरवून दमलो. मित्र म्हणतो, गॅसवर ठेव. ठेवू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर: गॅस बंद करा आणि पकड खाली ठेवा. तुम्ही चकती काढत नाही आहात, आणखी आवळताय. तिचे आटे उलटे असतात, सायकलच्या डाव्या पॅडलसारखे. रंध्यामागे उभे राहून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, म्हणजे ती मागे तुमच्याकडे येईल. काम करतानाही पातं खाली उतरवायला आपण ती तशीच उजवीकडे फिरवतो. पितळ मऊ असतं, पकडीचे दात उमटले की जन्मभर दिसतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि हातानेच फिरवा.

पण आधी तेल. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल निम्मं-निम्मं घ्या, प्रत्येक आट्याच्या मुळाशी दोन-दोन थेंब सोडा, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. लाकडी मुठीवर सांडू देऊ नका, पॉलिश उतरतं. अ‍ॅसिटोन भडकतं, जवळपास काडीसुद्धा ओढू नका. हे मिळालं नाही तर रॉकेल चालेल, दिवस जास्त लागतील.

आतले दोन स्क्रू ज्या तिरप्या बैठकीला धरून आहेत तिला फ्रॉग म्हणतात. इथे माणसं घाई करतात आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच खराब करून बसतात. घरातला पेचकस टोकाला निमुळता असतो, तो खाचेत बसत नाही, नुसता वर उचलला जातो. एक जुना पेचकस कानशीने घासून टोक समांतर करा, इतकं की खाचेत घट्ट बसेल, हलणार नाही. मग बसवून पेचकसाच्या मुठीवर हातोडीने हलके ठोके द्या. आधी केसभर आवळायचा, मग सोडवायचा. आवळताना गंज तुटतो, हे लोकांना पटत नाही, पण करून बघा. तरी नाही आला तर तेल कोरडं पुसून, अ‍ॅसिटोन पूर्ण उडाल्यावर, 60 वॅटचा सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर पाच-सात मिनिटं धरा. थोडं निवलं की साधं मशीन ऑइल सोडा, ते आत ओढलं जातं. उष्णता हवी ती इतकीच, नेमक्या जागी. रंध्याचं अंग बिडाचं. गॅसवर एकीकडून तापलं की तडकतं.

मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी नंबर 5 चा रंधा व्हाइसमध्ये आडवा आवळून हातोडी चालवली होती. गालाला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, पातं बाहेर येतं त्या तोंडापासून वरपर्यंत भेग गेली. आजही तो पेपरवेट म्हणून टेबलावर आहे. व्हाइस वापरायचाच तर दोन्हीकडे लाकडाच्या फळ्या घाला आणि जेमतेम धरेल इतकाच आवळा.

मुठीचं सोपं आहे. लांब सळईवर वर पितळी नट असतो. नट फिरवताना सळईही फिरून बिडातून निघू लागली, तर घाबरू नका, दोन्ही एकत्र येऊ द्या. बाहेर आल्यावर वेगळी करू. मूठ मात्र आडवी ओढू नका, तिचं लाकूड तिथेच फुटतं. नंबर 5 असता तर मुठीच्या पायथ्याशी आणखी एक स्क्रू असतो. तुमच्या 4 ला नाही, म्हणून शोधत बसू नका.

एक विनवणी. सळई खराब निघाली तर हार्डवेअरच्या दुकानातला 6 मिलिमीटरचा बोल्ट दडपून घालू नका. या आट्यांचं माप स्टॅनलीचं स्वतःचं आहे, साडेपाच मिलिमीटर जाडी, इंचाला 20 आटे. बिडातले आटे गेले की दुरुस्ती महागात पडते. तीच सळई तारेच्या ब्रशने घासा, नाहीतर लेथवाल्याला नमुना देऊन नवी करून घ्या.

चकती निघाली की कळवा, पुढच्या वेळी पात्याच्या धारेचं बघू.