‘वेठीस धरून एक कोस’ : यातली वेठ कोणती?

प्रश्न असा आला आहे : मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:४१) ‘जो कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा’ असं येशू म्हणतो. वेठीस धरणे म्हणजे अडवणूक करणे. मग अडवणाऱ्यापुढे निमूट मान तुकवायची का?

नाही. घोटाळा ‘वेठीस धरणे’च्या आजच्या अर्थानं केला आहे. संपामुळे प्रवासी वेठीस धरले गेले, असं म्हणताना आपल्या मनात ओलीस ठेवणं असतं. मूळची वेठ वेगळी. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द, विष्टि म्हणजे सक्तीनं, फुकट करून घेतलेलं काम. ‘वेठबिगार’मध्ये तर एकच अर्थ दोनदा आहे, कारण फारसीतून आलेला ‘बिगार’ही तेच सांगतो. मूळ वचनातलं ग्रीक क्रियापदही नेमकं याच अर्थाचं. त्याचं नातं इराणी बादशहाच्या टपालव्यवस्थेशी आहे; तिचे जासूद वाटेवरच्या लोकांना सक्तीनं कामाला लावू शकत. रोमन अमलात शिपाई वाटेवरच्या माणसाला किंवा त्याच्या जनावराला असंच कामाला जुंपत. अनुवादकानं ‘वेठ’ निवडली, याचं मला फार कौतुक वाटतं. ‘कोस’ मात्र सैल आहे : रोमन मैल सुमारे दीड किलोमीटरचा, आपला कोस त्याच्या जवळजवळ दुप्पट.

हा अर्थ धरला की वाक्य उलगडतं. पहिला कोस वेठीचा आहे, तिथे तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. दुसरा कोस कोणीच मागितलेला नाही, म्हणून ती वेठ नव्हेच. ओझं तेच, वाटही तीच, पण आता चालणारा स्वतःच्या मर्जीनं चालतो आहे. आणि ‘बरोबर’ हा शब्द निसटू देऊ नका. त्याच्यासाठी नाही, त्याच्या मागून नाही; त्याच्याबरोबर. मूळ ग्रीकमध्येही असंच आहे. हुकूम देणारा आणि ओझं वाहणारा दुसऱ्या कोसावर सोबती होतात.

आज हे आचरायला अवघडच आहे. जो सहकारी स्वतःचं काम आपल्यावर ढकलतो, त्याच्या अडचणीच्या दिवशी न सांगता त्याच्या मदतीला थांबणं, हे मला दुसऱ्या कोसाच्या जवळचं वाटतं. पण हे वचन ओझं वाहणाऱ्याला सांगितलेलं आहे. ओझं लादणाऱ्यानं ते दुसऱ्याला ऐकवायचं नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘अजून एक कोस चाल’ म्हणणं हा या शब्दांचा सरळसरळ गैरवापर आहे.

तेच ग्रीक क्रियापद मत्तय २७:३२ मध्ये पुन्हा येतं. तिथे शिपाई कुरेने शहरच्या शिमोन नावाच्या माणसाला वेठीस धरतात. या वेळी ओझं असतं ते येशूच्याच वधस्तंभाचं.