लेखक गोसिनी गेल्यावर ॲस्टेरिक्स हे फ्रेंच कॉमिक बंद का पडलं नाही?

खरं तर पडायच्या बेतातच होतं. २९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'पिलोत' या फ्रेंच साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात ॲस्टेरिक्स आला. लेखन रने गोसिनीचं, चित्रं अल्बेर उदेर्झोची. १९७७ मध्ये गोसिनी अवघ्या ५१व्या वर्षी अचानक गेला, तेव्हा ॲस्टेरिक्स बेल्जियमला जातो ती गोष्ट अर्धवट होती. तो अल्बम, म्हणजे कॉमिकचं पुस्तक, मिळाला तर नीट बघा: एका पानापासून पाऊस लागतो आणि आभाळ काळवंडलेलंच राहतं. मित्रासाठी उदेर्झोचं हे सुतक! पुढे कित्येक वर्षं लिहिणं-काढणं दोन्ही त्यानेच रेटलं. चित्रं तितकीच झकास, पण विनोद जरा पातळ झाला, हे माझं मत. २०१३पासून चित्रं दिदिए कॉनराड काढतो. लेखक मात्र बदलत राहिले.