सुरुवात 'एमान्युएल'ने करू नकोस

तुला सत्तरच्या दशकातले चावट, विनोदी फ्रेंच सिनेमे बघायचेत ना? तसा सिनेमा म्हटलं की सगळे आधी 'एमान्युएल'कडे (1974) धावतात. पण तो विनोदी नाहीच. नुसता देखणा आणि, माझ्या मते, कंटाळवाणा.

तू दिग्दर्शक इव्ह रोबेरच्या 1976 च्या 'अँ एलेफाँ सा त्राँप एनोर्मेमाँ'पासून सुरू कर. 'एलेफाँ' म्हणजे हत्ती, 'त्राँप' म्हणजे सोंडही आणि 'फसवतो'ही. सगळी गंमत या श्लेषात आहे. लाल ड्रेसवाल्या बाईमागे वेडा झालेला संसारी नायक (अभिनेता ज्याँ रोशफोर) अंगात बाथरोब घालून इमारतीच्या कठड्यावर उभा, चेहरा मात्र कमालीचा गंभीर! अंगप्रदर्शनाची अपेक्षा असेल तर निराश होशील.

मग दिग्दर्शक बर्त्राँ ब्लिएचा 'ले व्हाल्सझ' (1974). शब्दशः 'वाल्स (जोडीनं करायचा नाच) नाचणाऱ्या', बोलीत मात्र अंडकोष! देपार्दिय, देवेर, म्यू-म्यू हे तिघंही कलाकार भन्नाट, वर स्तेफान ग्रापेलीचं संगीत. पण त्यातली बायकांशी वागणूक आज बोचते, मला तर आगगाडीतला प्रसंग बघवत नाही. हा घरच्यांसोबत लावू नकोस बाबा.

सबटायटल्स हवीतच, डबिंगमध्ये श्लेष मरतात. आणि फ्रान्समध्ये 1975 अखेरच्या कायद्याने 'एक्स' वर्गातल्या (म्हणजे थेट पॉर्न) चित्रपटांवर जबर कर बसला. ते दुकान वेगळं, त्याची यात सरमिसळ नको.