साखर शेवटी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सणाच्या जेवणाचं हॅम, म्हणजे डुकराची अख्खी मांडी, यंदा तुझ्या गळ्यात पडलंय, समोर चार पाककृती आहेत आणि चौघींचं चार दिशांना तोंड. कोणी म्हणतं ग्लेझ, म्हणजे वरून लावायचा साखरेचा घट्ट पाक, सुरुवातीलाच ओता, कोणी म्हणतं दर पंधरा मिनिटांनी लावत राहा. बाकीच्या शंका नंतर बघू, आधी हीच मिटवू. साखर शेवटी.

पुड्यावरचा मजकूर वाचलास का? बहुतेक हॅम खारवून, धुरी देऊन आधीच शिजवलेलं असतं. तसं असेल तर तुला ते फक्त हाडापर्यंत गरम करायचंय. कारखान्याच्या बंद पाकिटातलं असेल तर आतलं तापमान ६० अंश सेल्सिअस पुरे. दुकानात कापून पुन्हा बांधलेलं असेल तर ७४. कच्चं असेल तर ६३ आणि बाहेर काढल्यावर किमान ३ मिनिटं हात लावायचा नाही. आत गुलाबी दिसतंय म्हणून घाबरू नकोस. तो रंग खारवताना घातलेल्या नायट्राइट या क्षाराचा, शिजल्यावरही तसाच राहतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नकोस, थर्मामीटर घे. त्याचं टोक सर्वांत जाड भागात खुपस, पण हाडाला टेकू देऊ नकोस.

वरची कातडी असेल तर सोलून काढ, चरबी मात्र राहू दे. तिच्यावर सुरीने तिरक्या रेघा मारून शंकरपाळ्यासारखे चौकोन पाड, सुरी मांसापर्यंत जाऊ न देता. कापलेली बाजू खाली, ट्रेमध्ये थोडं पाणी, वरून फॉइल घट्ट. ओव्हन १६० अंशांवर. हाडासकट अख्ख्या, शिजवलेल्या हॅमला किलोमागे ३५ ते ४० मिनिटं धर. एवढा वेळ ग्लेझचं नावही काढायचं नाही. सुरुवातीला ओतलेला पाक ओघळून ट्रेमध्ये जातो, तिथे करपतो आणि त्याचा कडवट वास सगळ्या हॅमला लागतो. मध तर साखरेच्याही आधी काळवंडतो. तुझ्या पाककृतीतलं 'आतपर्यंत मुरतं' हे वाक्य खोडून टाक. ग्लेझ वरच राहतं, ते वरचंच काम आहे.

आतलं तापमान ठरलेल्या आकड्याच्या दहाएक अंश खाली (६० हवं असेल तर ५० च्या आसपास) आलं की फॉइल काढ, ओव्हन २०० वर ने आणि आता लाव. ब्राउन शुगर, तिखट मस्टर्ड, व्हिनेगर, लवंगेची चिमूटभर पूड. चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतपत आटवलेलं. मीठ अजिबात नको, हॅम स्वतःच खारट आहे. आंबटपणात मात्र हात आखडू नकोस. पंधरा-वीस मिनिटांत ब्रशने दोन-तीन हात दे आणि ओव्हनसमोरून हलू नकोस. चौकोनांच्या कडा आधी तांबूस होतात, मग चरबीवर बारीक बुडबुडे धरतात आणि तिथून करपायला फार वेळ लागत नाही. या वीस मिनिटांत कोणी हाक मारली तरी जायचं नाही.

मला घरात हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. भुकेली माणसं ताटकळली, एक जवळचा नातलग कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं वाईट वाटतं, पण हॅम मी लवकर बाहेर काढलं नाही आणि आजही काढणार नाही. वयाने मोठी माणसं दाराशी येऊन "झालं का?" विचारतात तेव्हा नम्रपणे "नाही" म्हणणं मला फार उशिरा जमलं. तुला ते आत्ताच जमायला हवं. घाई झाली म्हणून ग्लेझ आधी लावून मोकळं होण्याचा मोह होईलच. नाही म्हणजे नाही. साखर शेवटी!

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तसंच ठेव, मगच काप. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये आणि हाड सूपसाठी बाजूला.

हॅमचं वजन आणि पुड्यावर नेमकं काय छापलंय ते कळव, म्हणजे ओव्हन किती वाजता पेटवायचा ते सांगतो. आणि मंडळींना जेवणाची वेळ अर्धा तास पुढचीच सांग.

तुझा,
काका