ब्लिट्झमध्ये मोहरा अडकतो: दोष नेटचा की ब्राउझरचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: विंडोज १० असलेला जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, वर क्रोम. लेक लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ३+० ब्लिट्झ खेळते, म्हणजे झटपट डाव: प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी तीन मिनिटं, चालीमागे वाढीव सेकंद शून्य. शेवटच्या वीस-पंचवीस सेकंदांत मोहरा उचलला की पटावर चिकटल्यासारखा होतो आणि जिंकत आलेला डाव वेळ संपल्याने हातचा जातो. म्हणून विचारताय, कुठला ब्राउझर घ्यावा.

ब्राउझर बदलाच, पण आधी दुखणं नक्की कुठे आहे ते बघा. मी सहा महिने नेटवाल्याच्या नावाने खडे फोडले. त्याच्या पोराला तीनदा जिना चढायला लावला, राउटर बदलून घेतला. शेवटी चोर घरातच सापडला, मीच कधीतरी टाकलेलं इंग्रजी शुद्धलेखन तपासणारं एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम). त्या पोराला नंतर चहा पाजला, पण तोंड दाखवायची लाज वाटली ती वाटलीच.

नेट आणि ब्राउझर वेगळे का काढायचे, तर नेटमुळे गेलेल्या वेळाचा काही भाग लिचेस घड्याळात परत देतं. चाल सर्व्हरपर्यंत पोचायला जो उशीर होतो, तो ठरावीक मर्यादेपर्यंत खेळाडूच्या माथी मारला जात नाही. पण समोरच्याची चाल तुमच्या लॅपटॉपवर येऊन पोचली आणि ब्राउझरला ती पटावर दाखवायला पाव सेकंद लागला, तर तो पाव सेकंद तुमच्या मुलीचा गेला. तो कुणी भरून देत नाही. चाळीस चालींच्या डावात असे पाव-पाव सेकंद धरले तर दहा सेकंद होतात, आणि ३+० मध्ये दहा सेकंद म्हणजे अख्खं एंडगेम, डावाचा शेवटचा टप्पा.

आता परीक्षा. लिचेसवर ‘बोर्ड एडिटर’ आहे, जिथे मोहरे हवे तसे मांडता येतात. तिथे मोहरा हलवला तर सर्व्हरला काही विचारावं लागत नाही, सगळं तुमच्या मशीनवरच होतं. घोडा उचला आणि पटावर भराभर फिरवा. तिथेही तो अडखळत असेल तर नेटचा काही संबंध नाही. तिथे लोण्यासारखा फिरतो आणि डावातच अडकतो, तर मग वर कोपऱ्यात तिच्या नावावर क्लिक करा. खाली पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि सर्व्हर असे दोन आकडे मिलिसेकंदांत दिसतील.

पिंग १५० दिसलं म्हणून घाबरू नका. लिचेसचे सर्व्हर फ्रान्समध्ये आहेत. मुंबई ते पॅरिस सरळ रेषेत सुमारे ७,००० किलोमीटर, आणि काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ७० मिलिसेकंद, तेही केबल सरळ असती तर. ती वर्सोव्याहून अरबी समुद्र, तांबडा समुद्र असा वळसा घेत युरोपात जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं नेट मंदावलं होतं, त्यावर कुठलाही ब्राउझर काय करणार? आकडा स्थिर आहे का एवढंच बघा. सतत १६० असेल तर हात त्याला सरावतो. एकदा ९०, लगेच ७०० असं नाचत असेल तर घरातलं वायफाय बघा. राउटरला थेट केबल लावा, नाहीतर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जा. आणि डाव चालू असताना कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप चढवतोय का तेही विचारा. आमच्याकडे सौभाग्यवतींचा फोन बरोबर रात्री साडेनऊला हे काम काढतो.

वर्णनावरून मात्र मला तुमचं दुखणं ब्राउझरचं वाटतं. इन्कॉग्निटो खिडकीत एक डाव खेळून बघा, तिथे एक्स्टेन्शन्स मुळात बंद असतात. फरक जाणवला तर उत्तर मिळालं. शब्द सुचवणारी, भाषांतर करणारी, कूपन शोधणारी एक्स्टेन्शन्स पानावर काही हललं की लगेच वाचायला धावतात, आणि बुद्धिबळाचं पान प्रत्येक चालीला आणि घड्याळाच्या प्रत्येक टिकटिकीला हलत असतं. क्रोममध्ये बुद्धिबळापुरती वेगळी प्रोफाइल करा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. पानाचं आपोआप भाषांतरही बंद ठेवा, लिचेस मुळात मराठीत मिळतं. जाता जाता, पटावर चाली सुचवणारं काही मुलीच्या मित्रांनी टाकायला सांगितलं तर हात लावू नका. खातं बंद होतं, आणि व्हायलाच हवं.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मागच्या डावाचं विश्लेषण. तिथला स्टॉकफिश, म्हणजे चाली तपासणारं बुद्धिबळाचं इंजिन, फ्रान्समध्ये नाही, तुमच्याच लॅपटॉपच्या प्रोसेसरवर चालतो, आणि त्याची बरीच ताकद खातो. पंखा घूं करायला लागला की समजा. ती टॅब बंद करा, मगच पुढचा डाव. शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कोण किती खातंय ते तिथे लगेच दिसतं.

चार्जर लावून खेळा. बॅटरी वाचवायच्या नादात क्रोम आणि एज दोघंही हालचालींना कात्री लावतात, विंडोजही प्रोसेसरचा वेग उतरवतं. क्रोमच्या ‘परफॉर्मन्स’ सेटिंगमधला मेमरी सेव्हर मात्र तुमच्या ४ जीबीत चालूच ठेवा, तो वापरात नसलेल्या टॅब झोपवतो. फक्त लिचेस ‘नेहमी चालू’ साइट्सच्या यादीत टाका. अरीनात (लिचेसवरच्या सलग डावांच्या स्पर्धेत) पुढचा प्रतिस्पर्धी मिळायची वाट बघताना दुसऱ्या टॅबवर गेलात आणि इकडे पान झोपलं तर पहिल्या चालीचे सेकंद फुकट. ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी ब्राउझरची सेटिंग) साधारणपणे चालू असावं, पण जुन्या ड्रायव्हरवर ते उलटंही पडतं. दोन्ही करून बघा, प्रत्येक वेळी ब्राउझर पुन्हा सुरू करून.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी यांचं इंजिन एकच, क्रोमियम. क्रोम सोडून ब्रेव्हवर गेलात तर जाहिराती आणि फापटपसारा कमी होईल, पण पट रंगवणारं यंत्र तेच. खरा वेगळा पर्याय फायरफॉक्स, त्याचं इंजिन स्वतःचं आहे. तुमच्या लॅपटॉपवर मी आधी एज वापरेन, एक्स्टेन्शनविना आणि इतर टॅबविना. ते विंडोजबरोबर आलेलंच आहे. जमलं नाही तर फायरफॉक्स. मी स्वतः फायरफॉक्सवर खेळतो, पण त्यात सवयीचा भाग मोठा आहे. कुणाकडे अजून विंडोज ७ असेल तर क्रोम तिथे १०९ व्या आवृत्तीवर थांबलं, फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही जुनी आवृत्ती चालते. आयफोनवर मात्र आपल्याकडे ब्राउझर बदलण्यात अर्थ नाही, आत सगळीकडे सफारीचंच इंजिन, वेबकिट.

लिचेसच्या पसंतींमध्येही थोडे सेकंद मिळतात. मोहऱ्यांचं ॲनिमेशन ‘नाही’ करा, जुन्या मशीनवर याने सगळ्यात पटकन फरक पडतो. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की आपोआप वजीर होऊ द्या, एक क्लिक वाचतो. टचपॅडवर खेळत असेल तर मोहरा ओढण्याऐवजी दोन घरांवर क्लिक करायची सवय लावा, अर्ध्या वाटेत घोडा सुटत नाही. आणि प्रीमूव्ह (समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली पुढची चाल लावून ठेवणं) शिकवा, लिचेसवर त्याला घड्याळातला वेळ जातच नाही.

एवढं सगळं करूनही एडिटरमध्ये घोडा अडखळला, तर बहुधा रॅम भरून मशीन हार्ड डिस्कवर ओझं टाकतंय. तिथे कुठलाही ब्राउझर हरेल. नवा लॅपटॉप नको, त्यातच एसएसडी बसवून घ्या, आणि जमलं तर रॅम ८ जीबी करा. तोवर तिला ३+२ खेळू द्या. प्रत्येक चालीला मिळणारे दोन सेकंद तुमच्या हार्ड डिस्कच्याही कामी येतील.