ग्रो लाइटसाठी १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या सिरीजमध्ये जोडाव्यात की पॅरललमध्ये?

तुमच्याकडे १२ व्होल्टच्या एकेक मीटरच्या चार पट्ट्या आहेत, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर आहे, त्यांच्या उजेडावर घरात पालक लावायचाय, आणि दुकानदार म्हणाला सिरीजमध्ये (एकीचं मायनस पुढचीच्या प्लसला) जोडा म्हणजे करंट कमी लागेल. पॅरललमध्ये जोडा. चारही पट्ट्यांचे प्लस एकत्र, चारही मायनस एकत्र, विषय संपला. दुकानदाराचं ते वाक्य मी आमच्या घरातच इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पट्टीवर कात्रीच्या खुणा असतात, त्यातल्या दोन खुणांमधला तुकडा नीट बघा. तीन एलईडी आणि त्यांचे रेझिस्टर. पांढरी एलईडी साधारण ३ व्होल्ट खाते, तीन एकामागे एक म्हणजे ९, उरलेले ३ रेझिस्टरवर जातात आणि तोच करंटला आवर घालतो. म्हणजे सिरीज जी करायची ती कारखान्यातच करून झालीय. असे सगळे तुकडे पट्टीच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांवर आपसात पॅरलल असतात. म्हणूनच कुठल्याही खुणेवर कापली तरी उरलेली पट्टी व्यवस्थित लागते.

आता आमच्याकडचं. आमचे धाकटे दीर वायरिंगची कामं घेतात, घरांची, दुकानांची, आणि हात खरंच चांगला आहे, बोर्ड असा भरतात की बघत राहावं. मी बरीच वर्षं भोसरीत एका कंपनीत एलईडी ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या, टेस्टिंगला होते. आमच्या फ्लॅटला ऊन नाही, समोर दुसरी बिल्डिंग, म्हणून मिरची-टोमॅटोची रोपं आतल्या खोलीत रॅकवर करायची ठरवली. भावजी म्हणाले, वहिनी तुम्ही राहू द्या, मी करून देतो. पाच मीटरचा रोल आणला, चार मीटर मोठ्या कप्प्याला फिरवली, एक मीटर वरच्या छोट्या कप्प्याला, आणि दोन्ही सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्टचा सप्लाय दिला. मी तेव्हाच म्हटलं की दोन्हींची लांबी वेगळी आहे, असं चालणार नाही. तर सगळ्यांसमोर, जेवायच्या वेळी, मला उत्तर मिळालं की पॅरलल केलं तर करंट वाढतो, वायर तापते, बिल वाढतं, आणि टेस्टिंग वेगळं, फिल्डवरचं काम वेगळं.

लावल्यावर छोटा कप्पा लखलखीत. सगळे म्हणाले बघा काय उजेड पडलाय! मोठा कप्पा मात्र मरगळलेला. मी मल्टिमीटर लावला. एक मीटरवाल्या पट्टीवर १३.८ व्होल्ट, चार मीटरवालीवर १०.२. बेरीज २४, हिशेब चोख, पण दोघींपैकी एकीलाही तिचे १२ मिळत नव्हते. सिरीजमध्ये दोन्हींतून करंट तोच जातो, पण लांब पट्टीत तो चौपट तुकड्यांत वाटला जातो आणि आखूड पट्टीतल्या प्रत्येक तुकड्याला जास्त सोसावा लागतो. वर चढलेले १.८ व्होल्ट कमी वाटतात ना? एलईडीचे ९ जवळपास तेवढेच राहतात, वाढ सगळी रेझिस्टरवर येते, तिथे ३ च्या जागी ४.८ होतात, म्हणजे करंट सरळ ६० टक्के जास्त. आणि लांब पट्टीत रेझिस्टरवर ३ च्या जागी १.२, म्हणून ती विझल्यासारखी.

पुढे व्हायचं तेच झालं. आखूड पट्टीतला एक तुकडा गेला, तीन एलईडी काळ्या. तो गेल्यावर त्याच्या वाटचा करंट उरलेल्यांवर, मग दुसरा गेला, मग तिसरा. मी पट्टी काढून बघितली तर एलईडीतला पिवळा थर मधोमध तपकिरी झालेला आणि मागची चिकटपट्टी उष्णतेने सुटून आलेली. खालच्या मिरच्या उजेड शोधत नुसत्या लांब वाढल्या, देठ दोऱ्यासारखे, हात लावला की आडव्या. भावजींचं म्हणणं, चायनाचा माल, पट्टीच खराब. आजही तेच म्हणतात. पट्टी खराब नव्हती. त्याच रोलचा शिल्लक चांगला तुकडा आणि खालची चार मीटर मी १२ व्होल्टवर पॅरलल करून त्याच रॅकवर लावली, ती अजून चालू आहे. कोणीही मल्टिमीटर घेऊन यावं आणि मोजावं.

हा गैरसमज येतो कुठून तेही मला कळतं. दिवाळीच्या जुन्या बल्बच्या माळा सिरीजच्या असायच्या, २३० व्होल्ट छोट्या छोट्या बल्बांत वाटून द्यायचे, एक गेला की माळ बंद. तिथे ते बरोबरच होतं. पण बिल वॅटवर येतं. ४८ वॅट १२ व्होल्टवर घ्या नाहीतर २४ वर, युनिट तेवढीच. करंट कमी दिसतो म्हणून वीज वाचली असं सांगणाऱ्या माणसाला आधी व्होल्ट विचारायचे.

तुमचा अडॅप्टर. पट्टी ५०५० प्रकारची (५ बाय ५ मिलीमीटरच्या एलईडीची), मीटरला ६० एलईडीवाली असेल तर मीटरला १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर. चार पट्ट्यांचे ४.८. ५ चा अडॅप्टर अगदी काठावर चालेल, रोज चौदा-सोळा तास चालवायचा तर तापून लवकर जाईल, सरळ १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे मोठा पॉवर सप्लाय, घ्या. पट्टी मीटरला ९.६ वॅटची असेल तर ३.२ अँपिअर, मग आहे तोच पुरेल. रोलवर वॅट लिहिलेले असतात, पण खात्री मल्टिमीटरनेच करा.

अजून एक, पट्टीच्या शेवटाला दुसरी पट्टी जोडणं म्हणजे सिरीज नव्हे, ते पॅरललच आहे, फक्त सगळा करंट पहिल्या पट्टीच्या पातळ तांब्यातून जातो. ठिबकच्या लांबलचक नळीला शेवटच्या झाडापाशी पाणी पोचत नाही, तसं पुढे व्होल्ट कमी पडतात आणि टोकाची रोपं मागे राहतात. म्हणून प्रत्येक पट्टीला सप्लायपासून वेगळी वायर ओढा, १ स्क्वेअर एमएमची चालते, आणि पट्ट्या अॅल्युमिनियम चॅनलवर चिकटवा, नुसत्या प्लायवर नको. जांभळ्या पट्ट्यांच्या मागे लागू नका. झाडं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतात, चांगल्या पांढऱ्या एलईडीत तो सगळा असतो, आणि रोप पिवळं पडतंय का तेही पांढऱ्या उजेडातच दिसतं. पालकाला उजेड किती इंचावर ठेवायचा हे तुमच्या रॅकवर ठरेल, वीतभर अंतरापासून सुरू करा, देठ लांबायला लागले तर खाली आणा.

हे सगळं रेझिस्टरवाल्या १२ व्होल्टच्या पट्टीबद्दल आहे हं. सुट्या एलईडी किंवा रेझिस्टर नसलेले कडक अॅल्युमिनियमचे बार आणले असतील तर तिथे सिरीजच करायची, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर, म्हणजे करंट ठरलेलाच ठेवणाऱ्या सप्लायवर. तशा एलईडी नुसत्या पॅरलल केल्या तर जी जास्त तापते तिचा व्होल्टेज उतरतो, ती अजून करंट ओढते आणि आधी तीच जाते. लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास चालते, तिला पांढरीबरोबर थेट पॅरलल तर अजिबात नको. आणि अगदी सारख्या लांबीच्या, एकाच रोलच्या दोन पट्ट्या २४ वर सिरीजमध्ये लावल्या तर सुरुवातीला ठीक चालतात, हे मला मान्य आहे. पण एका पट्टीतला एक तुकडा गेला की समतोल गेला. २४ चाच सप्लाय वापरायचा असेल तर २४ व्होल्टची पट्टी मिळते, तीच घ्या, करंट खरोखर निम्मा होतो आणि लांब रॅकवर टोकापर्यंत उजेड सारखा राहतो.

एसएमपीएसला अर्थिंग द्या, सप्लाय कुंड्यांच्या वर किंवा बाजूला ठेवा, खाली कधीच नाही, आणि २३० व्होल्टवर थेट चालणारी रोप लाइट (दोरीसारखी लांब दिव्यांची नळी) पाणी शिंपडायच्या जागी आणू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.